तुमच्या जागेवर मी बसलो होतो

शालू दीदी,

गेल्या रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला आलो होतो. तुमच्या यजमानांनी, भास्करभाऊंनी, दोनदा खुणावलं, ऑफिसच्या वतीने तू दोन शब्द बोल म्हणून. मी नुसती मान हलवली आणि मागच्या खुर्चीवर बसून राहिलो. लोकांना वाटलं, दुःखामुळे असेल. तुमच्या शेजारच्या बाई तर म्हणाल्याही, "विनोद भैया पहले से ही कम बोलते हैं." खरं आहे. कमी बोलण्याचा मला जन्मभर फायदाच झाला. न बोलणारा माणूस लोकांना चांगला वाटतो.

तुम्हालाही वाटला. म्हणून आधी तुमच्याशीच बोलतो. तुम्ही असताना बोलायला हवं होतं, हे मला कोणी सांगायची गरज नाही.

पण सुरुवात त्या गोष्टीपासून केली तर सगळं माझ्याबद्दलच होईल. आधी तुमचं माझ्याकडे जे आहे ते सांगू द्या.

राज्य नवंनवं झालं होतं. राजधानी झाल्यावर नेमकं काय करायचं असतं, हे रायपूरलाच अजून नीट कळलं नव्हतं. भोपाळहून ट्रक भरभरून फायली येत होत्या आणि काल जिथे दवाखाना किंवा शाळा होती तिथे आज कुठल्या तरी विभागाची पाटी लागत होती. आपल्या विभागाला दोन खोल्या मिळाल्या. एका खोलीत फायली आणि दुसऱ्या खोलीत तुम्ही. मी चौबे कॉलोनीतला, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेतलेला, वडिलांच्या ओळखीने कंत्राटावर लागलेला. तुम्ही रेल्वेतल्या खलाशाची पोट्टी, लग्न करून भंडाऱ्याकडून रायपूरला आलेल्या, परीक्षा देऊन लागलेल्या. आपली मशीनं ज्यावर चालायची ते लिनक्स तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. मशीनच्या पोटातच माहितीची जी पानं असतात, ती तुम्ही प्रिंटरवर छापून, दोऱ्याने शिवून, भाजी निवडता निवडता वाचली होती.

पहिल्या दिवशी मी काळा पडदा आणि त्यावरची पांढरी अक्षरं पाहून विचारलं, "दीदी, यात चित्रं नाहीत?"

"चित्रं पाहाची असन तर टॉकीजमध्ये जाय न बे," तुम्ही म्हणालात, मान वर न करता. "इथं टाइप कराचं अन् मंग भेवाचं."

मग तुम्ही मला नेटवर्क शिकवलं. मशीनची नेटवर्काची कार्डं म्हणजे त्याची दारं. पहिल्या दाराचं नाव ईटीएच-झिरो, दुसऱ्याचं ईटीएच-वन. आयएफकॉन्फिग नावाची कमांड दिली की कुठलं दार उघडं आहे आणि कुठलं बंद, ते दिसतं. "दाराले नंबर देल्याशिवाय पोस्टमन येत नाही. तो नंबर म्हणजे आयपी ॲड्रेस. नेटमास्क म्हणजे आपला पारा, आपला मोहल्ला, कुठून कुठवर हाय, ते. पाऱ्यातल्या माणसाची चिठ्ठी असन तर आपण सोता जाऊन द्याची. पाऱ्याबाहेरची असन तर?"

"तर?"

"तर कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर देऊन याची. तो पुढं धाडते. त्याले गेटवे म्हंते. समजलं का, का नुसती मुंडी हलवून राहिला?"

नंतर मी मोठमोठ्या ट्रेनिंगना गेलो. रंगीत आकृत्या पाहिल्या. त्यांत तुमच्यापेक्षा वेगळं काही नव्हतं, आणि पानठेला तर नव्हताच. आजही कुठल्या मशीनचं नेटवर्क बोलेनासं झालं की मी मनात आधी पारा विचारतो, मग पानठेला. दहापैकी नऊ वेळा तिथेच अडलेलं असतं.

आणि तुमचा डबा. चीला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, आणि टमाटरची चटणी. दोन चीले तुमचे आणि दोन माझे, हे कधी ठरलं मला आठवत नाही. माझी आई कौतुकाने विचारायची, ऑफिसात काय खातोस. मी म्हणायचो, कॅन्टीन. ते का म्हणायचो, ते आपल्या दोघांनाही कळत होतं. तुम्ही त्याबद्दल एक शब्द कधी काढला नाही.

आता तो दिवस.

राज्य झाल्याचं दुसरं वर्ष होतं. बस्तरकडच्या एका जिल्हा कार्यालयात आपलं एक मशीन होतं. त्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही, तिथल्या कोणाचा यात दोष नाही. त्या मशीनला दोन दारं होती. ईटीएच-झिरो रायपूरकडे उघडायचं. ईटीएच-वन त्यांच्याच कार्यालयातल्या चार कॉम्प्युटरांकडे. शाळेच्या प्रवेशांचे दिवस होते आणि जातीच्या दाखल्यांचं काम त्या मशीनवर चालायचं. तुम्ही रायपूरच्या तुमच्या खुर्चीवरून त्या मशीनमध्ये शिरून, आतल्या दाराचा नंबर बदलत होता. नव्या नंबराची फाईल मशीनमध्ये लिहून झाली होती. आतलं दार एकदा बंद करून उघडायचं, की झालं.

तेवढ्यात शाळेतून फोन आला. पल्लवीला ताप. दुसरीत होती ती. तुम्ही पर्स उचलली, चपला अर्ध्या पायात घातल्या. "विनू, मी आलीच. याले हात नको लावू."

पडदा बंद करून, पासवर्ड लावून उठायची आपल्याकडे पद्धत नव्हती. दोघांच्या खोलीत कोणापासून लपवायचं?

मी तेवीस वर्षांचा होतो. सहा महिन्यांत सगळं येतं असं वाटायचं वय. म्हटलं, दीदी येईपर्यंत उरलेलं करून ठेवू, खूश होतील. तुमच्या खुर्चीत बसलो आणि टाइप केलं:

ifconfig eth0 down

वन लिहायचं होतं, झिरो लिहिलं. एंटर दाबला आणि त्याच क्षणी कळलं. ज्या दारातून मी त्या मशीनमध्ये शिरलो होतो, तेच दार मी बंद केलं होतं. आता 'उघड' म्हणायला माझा आवाज आत पोचणार कुठून? मी बटणं दाबत राहिलो. पडद्यावर एक अक्षर उमटेना.

हे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हातून ही चूक एकदा होते. नवशिक्यांच्या हातून तर होतेच होते. तुम्ही परत आल्यावर सांगितलं असतं तर एक टप्पल आणि पंधरा दिवसांची थट्टा एवढ्यावर निभावलं असतं. मी काय केलं? उठलो. खुर्ची होती तशी तिरपी करून ठेवली. बाहेर गेलो, चहा प्यालो.

तासाभराने तुम्ही आलात. पल्लवीला भास्करभाऊंच्या हवाली करून, घामेजलेल्या. पडद्याकडे पाहिलं. तुमच्याच खिडकीत, तुमच्याच ओळींच्या खाली ती एक ओळ होती. तुम्ही बराच वेळ पाहत राहिलात. मग माझ्याकडे वळलात.

"काबे विनू, कोणी बसलं होतं का माह्या जागेवर?"

"नाही दीदी."

तुम्ही लगेच मानलं. डोळ्यांत पाहिलं नाही, दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यानंतर मी कितीतरी लोकांशी खोटं बोललो असेन, पण इतक्या सहज कोणी मानलेलं नाही.

"मंग मीच केलं असन," तुम्ही म्हणालात. "पोट्टीच्या तापाच्या गडबडीत. पण मले आठवून नाही राहिलं, रे."

तिथल्या शिपायाला फोन करून मशीन बटणाने बंद-चालू करायला सांगितलं. ते चालू झालं, पण असं अचानक बंद केल्यामुळे डिस्क तपासायला बसलं आणि पुढे जायला मुख्य पासवर्ड मागू लागलं. शिपाई म्हणाला, मॅडम, फोनवर सांगून द्या. तुम्ही म्हणालात, "तिजोरीची चाबी कोणी फोनवर देते का?" आणि मला म्हणालात, "सकाळी जाऊ. तू चाल. शिकशीन."

संध्याकाळी साहेबांनी तुम्हाला बोलावलं. मी दारापाशी होतो. "गलती मेरी है, सर," तुम्ही सरळ म्हणालात आणि बाहेर पडलात. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "कोटे वालों को मशीन पकड़ा दो, तो यही होगा."

माझ्याकडे वळून म्हणाले, दीदी. मला त्यांनी त्यांच्यातला धरलं होतं. मी हसलो नाही, एवढंच माझं त्या दिवसाचं पुण्य. बोललो तर काहीच नाही. आणि दार अर्धं उघडं होतं. तुम्ही दोन पावलांवर होता.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये, धमतरी मागे पडल्यावर, तुम्ही उकडलेल्या शेंगा सोलता सोलता म्हणालात, "तुह्यी चूक तुह्यी एकट्याची राहते, विनू. माह्याकडून चूक झाली का ते आमच्या सगळ्याइची होते. मले चुकाची परवानगी नाही."

रागाने नाही म्हणालात. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं म्हणालात आणि सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते खाल्ले. केशकालचा घाट आला, गेला. मी मनात वाक्य जुळवत होतो आणि मोडत होतो. 'दीदी, एक सांगायचं होतं.' एवढं तर जमलं असतं. पण तुमचं ते बोलणं ऐकल्यावर मला समजलं होतं की मी एका कमांडची चूक लपवलेली नाही. जी चूक तुम्हाला परवडत नाही म्हणून तुम्ही इतकी वर्षं जपून चालत होता, तीच मी तुमच्या पदरात टाकली होती. आदल्या दिवशी सांगणं सोपं होतं. आता अवघड झालं. आणि ते दर दिवशी थोडं थोडं अवघड होत गेलं.

कार्यालयाच्या व्हरांड्यात आदल्या दिवसापासून थांबलेली माणसं होती. कोणी दोन बस बदलून आलेलं, कोणी पोराला घेऊन. तुम्ही आत जायच्या आधी त्यांच्यापुढे हात जोडलेत. "मोर गलती हे. माफी देहू." एक म्हातारी उठून तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "हव नोनी, मनखे ले हो जाथे." हो पोरी, माणसाच्या हातून होतं. मी तुमच्या मागे, तुमची पिशवी धरून उभा होतो.

पासवर्ड दिला, डिस्क तपासून झाली, मशीन उठलं. रायपूरकडचं दार आपोआप उघडलं, कारण ते फाईलमध्ये लिहिलेलं होतं. तुम्ही तेव्हाही शिकवत होता: "कमांडनं सांगितलेलं मशीन उठलं का भुलून जाते. फाईलीत लिहिलेलं याद ठेवते." मग तुम्ही उठलात आणि मला खुर्चीत बसवलंत. "आता तू कर. आतलं दार. पह्यले टाइप कर, मले जोरानं वाचून दाखव, मंग दाब."

मी वाचलं: "आयएफकॉन्फिग, ईटीएच-वन, डाउन."

"कोणतं?"

"वन."

"पक्कं?"

"पक्कं, दीदी."

"दाब."

तुमच्यावर लेखी ताकीद निघाली. हैदराबादच्या ट्रेनिंगसाठी तुमचं नाव गेलं होतं, ते काढून माझं घातलं. तुम्ही भास्करभाऊंना घेऊन स्टेशनवर आलात, पुऱ्या घेऊन, आणि दोऱ्याने शिवलेली ती सगळी पानं घेऊन. "जाय. चांगलं शिकून ये. मंग मले शिकवाचं हाय तुले." गाडी हलली तेव्हा मी संडासाशेजारी उभा राहून रडलो. पण उतरलो नाही. तेही लिहून ठेवतो.

परत आलो, कायम झालो, पुढे नवा रायपूरच्या मोठ्या इमारतीत नेटवर्कचा प्रमुख झालो. तुम्ही माझ्या हाताखाली आलात. लोकांसमोर 'सर' म्हणायला लागलात. मी म्हटलं, दीदी, नका ना. "खुर्चीले म्हंतो मी," तुम्ही म्हणालात, "तुह्या तोंडाले नाही."

एवढं होऊन तुम्ही काय केलंत, ते मला सगळ्यांना सांगायचं आहे. दुसरं कोणी त्या एका ओळीने कडू झालं असतं, किंवा घाबरून मशीनपासून लांब झालं असतं. तुम्ही तिच्यातून दोन नियम काढले. पहिला, नेटवर्कची कुठलीही कमांड एंटर दाबण्याआधी शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवायची, आणि शेजारच्याने 'कोणतं?' म्हणून विचारायचंच. दुसऱ्याला तुम्ही परतीचं तिकीट म्हणायचात. लांबच्या मशीनचं दार छेडण्याआधी त्या मशीनलाच सांगून ठेवायचं की दहा मिनिटांनी दार जसं होतं तसं कर. काम नीट झालं तर ते तिकीट रद्द करायचं. चुकलं तर दहा मिनिटं गप्प बसायचं, दार आपोआप उघडतं. "परतीचं तिकीट काढल्याबिगर गाडीत चढाचं नाही," रेल्वेवाल्याची पोट्टी म्हणायची. नवीन लोक हसायचे. मग कधीतरी त्यांची दहा मिनिटं जायची, आणि हसणं बंद व्हायचं. त्या दिवसानंतर आपल्या कार्यालयातून कोणालाही बंद दार उघडायला बसने जावं लागलेलं नाही.

आणि शनिवारचा वर्ग. कंत्राटावर लागलेली पोरं-पोरी, गावांकडून आलेली, इंग्रजीला बिचकणारी. निवृत्त झाल्यावरही तुम्ही येत राहिलात. वर्गाची सुरुवात ठरलेली असायची: "पहले मेरी गलती सुनो." आणि तुम्ही ती गोष्ट सांगायचात. रंगवून, स्वतःवर हसत, म्हातारीचा आवाज काढून. पोरांची भीती तिथेच निम्मी व्हायची. मॅडमकडून चूक झाली, तर आपलं काय. मी मागच्या बाकावर हजेरीचा कागद घेऊन बसलेला असायचो. किती शनिवार झाले, मोजले नाहीत.

आपलं भांडण मात्र तसंच राहिलं. मी म्हणायचो, दीदी, आयएफकॉन्फिग जुनी झाली, आता सगळे 'आयपी' कमांड वापरतात, पोरांना ती शिकवा. तुम्ही म्हणायचात, "आयपी नवी सून हाय. काम झटपट करते, मान्य. पण घरात कोणतं डबडं कुठं ठेवलं, ते सासूलेच माहीत." नव्या मशीनवर दारांची नावं बदलली, ईटीएच-झिरोच्या जागी अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ आली, तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, "हे काय नाव हाय? पोट्ट्याचं असं नाव ठेवते का कोणी? शाळेत हजेरी लागन का त्याची?" त्या दिवशी मी हरलो असतो तरी चाललं असतं. जिंकायचं म्हणून उगाच ताणलं. दुसऱ्या शनिवारी तुम्ही गुपचूप फळ्यावर दोन्ही कमांड शेजारी शेजारी लिहिल्या होत्या. हे मी कबूल केलं नाही, पण मला फार आवडलं होतं.

मधूनच, काही कारण नसताना, तुम्ही विचारायचात. कॅन्टीनच्या पायऱ्यांवर, एकदा लिफ्टमध्ये. "विनू, मले अजून आठवत नाही मी ते कवा टाइप केलं."

"सोडा न दीदी. जुनं झालं."

"जुनं तर झालं. पण बाकी सगळं आठवते. पल्लवीच्या फ्रॉकचा रंग आठवते. हेच काहून नाही आठवत?"

मी म्हणायचो, होतं असं. सगळ्यांचं होतं. दवाखान्यात शेवटचा भेटलो, तेव्हा तुमच्या डोक्याचा स्कॅन झाला होता. तुम्ही बारीक आवाजात म्हणालात, "डॉक्टरले म्हटलं, एवढं आतलं दिसते तर पाहा न, माह्यी ते ओळ सापडते का." मी हसलो. तुम्हीही हसलात. नर्स म्हणाली, कितने खुश हैं दोनों.

दीदी, तुमच्या डोक्यात ती ओळ नव्हतीच. तुम्हाला आठवत नव्हतं, कारण तुम्ही ते केलं नव्हतं. तुमचं मन शेवटपर्यंत बरोबर सांगत होतं, आणि मी शेवटपर्यंत त्याला खोटं पाडत होतो.

रविवारी पल्लवी बोलायला उभी राहिली. आता तीच तिशीला आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती हसून म्हणाली, "मम्मी से नौकरी में एक ही बड़ी गलती हुई. वो भी मेरे बुखार के चक्कर में." लोक हसले, कौतुकाने. तिचं बोट मात्र पांढरं पडलं होतं, इतकं तिने ते टोक आवळलं होतं. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ती चूक तुम्ही एकट्याच वाहत नव्हता.

सोमवारी ऑफिसला न जाता तुमच्या घरी गेलो. भास्करभाऊ पेपर वाचत होते. पल्लवीने पाणी दिलं. मी ग्लास हातात धरून म्हटलं, "पल्लवी, ती कमांड मी टाइप केली होती. दीदींनी नाही."

"कौन सी कमांड?"

सांगितलं. आधी तिला कळलं नाही, मग एकदम कळलं. "मम्मी ने आपसे पूछा था?"

"हो."

"और आपने?"

"नाही म्हटलं."

भास्करभाऊंनी पेपराची घडी घातली. एकदा, दोनदा, अगदी लहान होईपर्यंत. "एवढी वर्षं या घरी जेवला तू."

"हो, भाऊ."

"तिले सांगाचं होतं न बे. ते हसली असती."

"माहीत होतं, भाऊ."

"माहीत असून?" ते माझ्याकडे पाहत राहिले.

आता पल्लवी बोलली. "मैं सात साल की थी, अंकल. मैंने तय किया था कि अब बुखार आएगा तो बताऊँगी ही नहीं. कितनी बार नहीं बताया. एक बार तो टायफाइड निकला." आवाज चढला नाही तिचा. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मग ती उठली, माझ्या हातातला ग्लास घेतला. "शनिवार की क्लास अब कौन लेगा?"

"मी घेईन."

"तो वहाँ बोलिए. मैं आऊँगी."

मधल्या दिवसांत एक अर्ज दिला. तुमच्या सेवापुस्तिकेतली ती ताकीद रद्द करावी, चूक माझी होती, खाली सही. बाबूने दोनदा वाचून विचारलं, "मैडम तो अब रहीं नहीं, सर. किसके लिए?" म्हटलं, आवक क्रमांक टाका. त्याचं काय होईल ते होईल. माझंही.

काल शनिवार होता. वर्ग भरलेला होता. पल्लवी मागे, माझ्या नेहमीच्या बाकावर बसली. मी सांगितलं. सगळं सांगितलं, साहेबांचं वाक्यही, आणि त्यावर मी गप्प राहिलो तेही. ज्या पोरी तुमच्या गोष्टीवर खळखळून हसायच्या त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. कांकेरकडची एक पोरगी आहे, तुमची लाडकी. तिने विचारलं, "सर, तो मैडम इतने साल सोचती रहीं कि उनसे हुआ?" मी म्हटलं, हव. ती खाली वहीकडे पाहायला लागली. माझ्याकडे सांगण्यासारखं आणखी काही उरलं नाही असं वाटून मी म्हटलं, आज इतकंच. पोरांनी बॅगा उचलल्या.

"अंकल." पल्लवी मागून म्हणाली. सगळे थांबले. "पौन घंटा आपने अपनी गलती सुनाई. मम्मी ने उसके बाद जो किया, वो कौन सुनाएगा?"

मला राग येईल की काय असं वाटलं. पण आली ती लाज, आणि लाजेच्या मागून, दीदी, खूप दिवसांनी मोकळा श्वास. माझी चूक सांगायची म्हणून मी पुन्हा माझीच गोष्ट सांगितली होती. तुमची गोष्ट तर पुढे होती.

पोरं परत बसली. मी फळा पुसला, खडू घेतला, दोन दारं काढली. आणि तिथून सुरुवात केली, जिथून तुमची गोष्ट सुरू होते: दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंडरीच्या स्टँडवर बस पकडली, गर्दी होती, एकच खिडकीची जागा रिकामी होती, आणि ती दीदींनी मला दिली.